मूल हवं की नको? भाग ६ : ‘नको’ ठरल्यानंतर

सरकारी दवाखान्यात नसबंदी करून घ्यायची तर काही अटी पाळाव्या लागतात. केंद्राच्या आरोग्य खात्याने त्या लिहूनच ठेवल्या आहेत. येणारी व्यक्ती विवाहित हवी, निदान कधीतरी लग्न झालेली हवी. बाईचं वय २२ ते ४९ च्या दरम्यान हवं, पुरुष साठीच्या आतला हवा. आणि जोडप्याला किमान एक मूल हवं, तेही वर्षाच्या वरचं. शस्त्रक्रियेला वैद्यकीय कारण असेल तेवढीच या शेवटच्या अटीतून सूट. म्हणजे अडतिशीतलं एखादं जोडपं वर्षानुवर्षं विचार करून, एकमेकांशी बोलून, ‘आम्हाला मूल नकोच’ असं ठरवून गेलं, तर त्यांना परत पाठवलं जाणार.

मागचे काही आठवडे आपण निर्णयाच्या अलीकडच्या गोष्टी पाहिल्या. वय, पैसा, नोकरी, आणि गेल्या भागात पाळणा लांबवणं. आज निर्णयाच्या पलीकडे जाऊ. मुलं किती असावीत हे ठरवायला महाराष्ट्र गेल्या शंभर वर्षांत शिकला. मूल हवंच का, हे ठरवणाऱ्यांची सोय मात्र अजून कुणी केलेली नाही. दवाखाना, घर, वारसा कायदा हे सगळं ‘मूल असणारच’ असं धरून चालतं. म्हणून ‘नको’ म्हणणाऱ्यांचं काम निर्णयापाशी संपत नाही. बाकीच्यांच्या बाबतीत जे आपोआप होतं, ते यांना हाताने करावं लागतं.

हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या नव्या पिढीने आणलेला नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचा दवाखाना उघडला तोही त्याच वर्षी. विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी या प्रचारापायी रघुनाथरावांना सोडावी लागली. १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. तो खटला कर्वे हरले.

हे बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. कमी बोललं जातं ते असं की रघुनाथराव आणि त्यांच्या पत्नी मालतीबाई यांनी स्वतः मूल होऊ दिलं नाही, आणि रघुनाथरावांनी स्वतःवर नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतली. दुसऱ्यांना दोन मुलांवर थांबायला सांगणारे पुष्कळ झाले. ज्या काळात या शस्त्रक्रियेचं नावही लोकांनी ऐकलं नव्हतं त्या काळात एकही मूल नसताना ती करून घेणारा हा माणूस होता. आजच्या सरकारी अटींत रघुनाथराव बसले नसते. रघुनाथरावांना लेख, खटले, मित्र, अनुयायी होते. मालतीबाईंना त्या काळातलं हळदीकुंकू आणि बारशी होती, मूल नसलेल्या बाईकडे वळणाऱ्या नजरा होत्या. ‘नको’ या निर्णयाची किंमत जोडप्यात सारखी वाटली जात नाही, हे कर्व्यांच्या घराचा विचार करताना माझ्या मनातून जात नाही.

मग सरकारी अटी अशा का? त्यांच्यामागे दुष्टपणा नाही, उलट एका जखमेची आठवण आहे. भारताने कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू केला. पुढे लाल त्रिकोण आला, ‘हम दो, हमारे दो’ आलं. सगळा भर जन्मदर खाली आणण्यावर होता, कुणाच्या आयुष्यात काय बसतं यावर नव्हता. आणीबाणीत त्याचं टोक गाठलं गेलं. तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक १९७६ मध्ये याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. त्यानंतरही नसबंदीची शिबिरं चालूच राहिली. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली गेली आणि डझनाहून जास्त बायका गेल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. हा इतिहास पाठीशी असताना ‘किमान एक मूल हवं, ते वर्षाचं झालेलं हवं’ ही अट गरीब बाईला घाईघाईने टेबलावर झोपवलं जाऊ नये म्हणून घातलेलं कुंपण आहे. ते कुंपण मला मान्य आहे. फक्त त्याला एक दार हवं होतं. शांतपणे समुपदेशन करावं, विचाराला काही महिने द्यावेत, आणि त्यानंतरही सज्ञान माणूस ठाम असेल तर त्याचं ऐकावं.

याच संदर्भात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे २०१९-२१ चे आकडे पाहा. महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर १.७ वर आला आहे, म्हणजे एका बाईमागे सरासरी दोनाहूनही कमी मुलं. या घसरणीचा भार कुणी उचलला? राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी जवळपास निम्म्यांची नसबंदी झालेली आहे. पुरुषांची नसबंदी अर्ध्या टक्क्याच्याही आत. पुरुषाची शस्त्रक्रिया बिनटाक्याची, काही मिनिटांची. त्याच दिवशी घरी जाता येतं. पुढचे तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि मग वीर्य तपासून खात्री करून घ्यायची, एवढंच. मूल नको असलेल्या जोडप्यातल्या पुरुषाला मी आवर्जून सांगेन की हे काम आधी तुमचं आहे. खाजगीतले बरेच डॉक्टर सरकारी निकषांवरच बोट ठेवतात, तेव्हा एका नकाराने थांबू नका. आणखी एक, नसबंदीला जोडीदाराची सही लागत नाही. त्याच सरकारी नियमावलीत हे लिहिलेलं आहे. तरी बाईला ‘मिस्टरांना घेऊन या’ असं ऐकावं लागतं.

शस्त्रक्रिया मिळेपर्यंत, किंवा ती नको असेल तर, लांब पल्ल्याची साधनं आहेत. सरकारी दवाखान्यात मिळणारी ३८० ए जातीची कॉपर टी दहा वर्षं काम करते. ‘आधी एक होऊ दे, मग बसवू’ हे वाक्य अनेकींनी ऐकलं असेल, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत मूल झालेलं नसणं हा कॉपर टीला अडथळा नाही. ‘अंतरा’ हे तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन आणि ‘छाया’ ही संप्रेरक नसलेली गोळी सरकारी कार्यक्रमात २०१७ नंतर आली. कुणाला काय चालेल हे तपासणीनंतरच ठरतं, म्हणून त्यात शिरत नाही.

साधन फसलं तर? इथे कायदा बदलला आहे आणि तो बदल फारसा कुणाला माहीत नाही. १९७१ च्या गर्भपात कायद्यात साधन फसल्याचं कारण ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ यांच्यापुरतं होतं, आणि साधनाचा हेतूही मुलांची संख्या मर्यादित ठेवणं असाच धरलेला होता. २०२१ च्या दुरुस्तीने त्या जागी ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ आलं आणि गर्भधारणा टाळणं हा हेतूही जोडला गेला. पहिलंच मूल नको असलेली बाई कायद्याच्या मजकुरात आली ती पन्नास वर्षांनी. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं आणि सज्ञान स्त्रीची स्वतःचीच संमती लागते. त्याआधी २००९ मध्ये, चंदीगडमधल्या एका प्रकरणात, मूल होऊ देणं आणि न देणं या दोन्ही गोष्टी व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहेत असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं.

न्यायालय सांगून मोकळं झालं, घरातलं बोलणं बाकीच राहतं. लग्नाला वर्ष झालं की ‘गोड बातमी कधी?’ सुरू होतं. दुसऱ्या वर्षी ‘चान्स घेताय ना?’ आणि तिसऱ्या वर्षी कुणीतरी मावशी डॉक्टरचा नंबर देते. या प्रश्नांना कंटाळून पुष्कळ जोडपी एक सोपी वाट धरतात. ‘प्रयत्न चालू आहेत’ म्हणतात. मला ही वाट धोक्याची वाटते. एक तर ज्यांना खरोखर मूल हवं आहे आणि होत नाही, त्यांचं दुःख उसनं घेतल्यासारखं होतं. दुसरं, या खोट्याचा भार शेवटी बाईवर पडतो. नवस, उपास, आयुर्वेदिक काढे, तपासण्यांची शिफारस हे सगळं सुनेकडे येतं, मुलाला कुणी काढा देत नाही. म्हणून घरी एकदाच, दोघांनी मिळून, आणि शक्यतो ज्याचे आईवडील त्याने सांगावं. ‘आम्ही ठरवलंय, आई. डॉक्टरचा काही प्रश्न नाही.’ आईवडिलांना वाईट वाटेल. त्यांनी नातवंडांची मनात जी चित्रं रंगवली होती ती पुसली जातात, आणि त्या दुःखाला वेळ द्यायला हवा. त्यावर वाद घालू नये, आकडेवारी ऐकवू नये. रडू द्यावं.

त्यांच्या तोंडून येणाऱ्या एका प्रश्नाला मात्र नीट उत्तर द्यायलाच हवं. ‘म्हातारपणी तुमचं कोण बघणार?’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुलं आईवडिलांना बघतातच असं असतं तर २००७ चा ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा करावा लागला नसता. मुलाकडून पोटगी मिळावी म्हणून आपल्याकडे आईवडील प्रांत कार्यालयात अर्ज घेऊन उभे असतात. पण तेवढ्याने मूल नसलेल्यांचा प्रश्न सुटत नाही. त्याच कायद्यात त्यांचाही विचार आहे. साठीच्या पुढच्या निपुत्रिक व्यक्तीची मालमत्ता ज्या सज्ञान नातेवाइकाच्या ताब्यात आहे किंवा पुढे ज्याला मिळणार आहे, त्याच्यावर तिच्या निर्वाहाची जबाबदारी येते. ‘सांभाळशील’ या अटीवर पुतण्याला घर लिहून दिलं आणि त्याने सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं. अट मात्र बक्षीसपत्रात स्पष्ट लिहिलेली असावी. तोंडी विश्वासावर घर देऊन बसलेल्या माणसांची भांडणं फार क्लेशाची असतात.

वारशाचं प्रकरण याहून गंभीर आहे, आणि यासाठीच मी हा भाग लिहायला घेतला. हिंदू वारसा कायदा, १९५६, कलम १५. मूल नसलेली विवाहित हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता वारली, तर तिच्या स्वकष्टार्जित मिळकतीवर पहिला हक्क नवऱ्याचा. नवरा आधीच गेला असेल, तर ती मिळकत नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिचे स्वतःचे आईवडील त्यानंतर. माहेरच्या आईवडिलांकडून वारशाने मिळालेली मालमत्ता तेवढी वडिलांच्या वारसांकडे परत जाते. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा गेला, सासरच्यांनी बाईला घराबाहेर काढलं. माहेरच्यांनी शिकवलं, ती नोकरीला लागली, पैसा साठवला. ती गेल्यावर तो पैसा गेला सासरच्या नातेवाइकांना, कारण कायदा तेच सांगत होता. न्यायालयाने सहानुभूती व्यक्त केली आणि कायद्याप्रमाणे निकाल दिला. हे कलम बदलायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे. ते बदलेपर्यंत, कमावत्या आणि मूल नसलेल्या प्रत्येक बाईने मृत्युपत्र करायलाच हवं, मग वय तीस का असेना.

पुरुषाचंही ऐका. मूल नसलेला हिंदू पुरुष मृत्युपत्राशिवाय गेला आणि त्याची आई हयात असेल, तर आई आणि बायको समान वाटेकरी होतात. राहत्या घराचे दोन मालक होतात, आणि नातं आधीच ताणलेलं असेल तर ते घर तिच्यासाठी सुरक्षित राहत नाही. गोव्यात नियम वेगळे. तिथे साधारणपणे पती-पत्नीची मालमत्ता निम्मी-निम्मी धरली जाते, आणि आईवडील किंवा मुलं असतील तर स्वतःच्या हिश्शातलाही निम्माच भाग मृत्युपत्राने मनाप्रमाणे देता येतो.

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. साध्या कागदावर लिहावं, दोन साक्षीदारांसमोर सही करावी, त्यांनीही सही करावी. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे ती करून घेतली तर पुढचे वाद कमी होतात. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीला घेऊ नये.

शेवटचा कागद दवाखान्याचा. अतिदक्षता विभागात सही कोण करणार, यंत्रं कधी काढायची हे कोण सांगणार, हा प्रश्न मूल नसलेल्या जोडप्यातल्या मागे राहिलेल्या एकाला फार एकटं पाडतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उपचारांविषयीचं इच्छापत्र मान्य केलं आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन पुरतं, आणि आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या एकाहून अधिक व्यक्तींची नावं त्यात देता येतात. भाची, मित्र, शेजारी, कुणीही चालतं. ज्याचं नाव घालाल त्याला आधी विचारा, आणि एक प्रत त्याच्या घरी ठेवा.

पुढच्या आठवड्यात : एकाला मूल हवं आहे, दुसऱ्याला नको.