दाखल्यातला थोरला

मागच्या पावसाळ्यात मी न्हाणीघरात घसरून पडले आणि उजवं मनगट मोडून बसले. सहा आठवडे प्लास्टर! तुम्ही म्हणाल, यात काय एवढं लिहिण्यासारखं? हात मोडतात आणि जुळतातही. खरंय. पण त्या सहा आठवड्यांत माझं आणखी काहीतरी मोडलं, आणि ते अजून नीट जुळलेलं नाही.

आम्ही नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचे ख्रिस्ती. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण जिभेला सवय नगरचीच. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला सुरू झालं १८३१ साली. आमच्या घराण्यात हा धर्म आला तो माझ्या आजेसासऱ्यांच्या वडिलांपासून. शेजारणींना आमच्याकडचं नाताळच्या फराळाचं ताट तेवढं ठाऊक. बाकी आमचा दिवस तुमच्यासारखाच. पहाटे उठायचं, दूध तापत ठेवायचं आणि ते उतू जाऊ नये म्हणून शेगडीपाशी उभ्या उभ्याच प्रार्थना उरकायची. (देव समजून घेत असावा, असं मी धरून चाललेय.)

आमच्या चर्चच्या भिंतीवर देवाच्या प्रीतीचं वचन मोठ्या निळ्या अक्षरांत रंगवलेलं आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून दर रविवारी ते माझ्या डोळ्यांसमोर. तीस वर्षं संडे स्कूल घेतलं, महिला मंडळाची सेक्रेटरी आहे, पेटीवर मीच बसते. देवाचं प्रेम म्हणजे काय, हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी दहा मिनिटं बोलले असते! आमच्या धर्मात त्याला एक शब्द आहे, कृपा. म्हणजे आपली लायकी नसताना, कमावलेलं नसताना मिळतं ते. हे मी पोरांना किती वेळा शिकवलं असेल, मोजदाद नाही.

आणि हात गळ्यात आल्यावर मला परकराची नाडीसुद्धा बांधता येईना. वेणी घालता येईना. आमच्या ह्यांनी बिचाऱ्यांनी पहिल्या दिवशी वरणभाताचा कुकर लावला, त्यात पाणीच घातलं नाही. मग मंडळातल्या बायका डबे आणू लागल्या. एकीची मेथीची भाजी, दुसरीची बाजरीची भाकरी आणि पिठलं. मी काय करावं? वहीत डाव्या हाताने, कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात, कुणी कोणत्या वारी काय आणलं ते लिहून ठेवू लागले. बरी झाले की एकेकीचं फेडायचं. पाळकीणबाई भेटायला आल्या, त्यांच्या नजरेला ती वही पडली. म्हणाल्या, “ताई, हे काय? उधारीचं खातं?” आम्ही दोघी हसलो. पण त्या गेल्यावर मला हसू येईना.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या थोरल्या जाऊबाई एसटीतून उतरून पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या.

हे सांगायला हवं. आमचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. म्हणजे लग्नामयतीला भेटलो तर “बरं आहे ना” एवढंच. सासूबाईंना अर्धांगवायू झाला. नऊ वर्षं त्या अंथरुणात होत्या आणि ती नऊ वर्षं मी काढली. शाळेत जाण्याआधी त्यांचं सगळं, आल्यावर पुन्हा सगळं. जाऊबाई चिंचवडला. नाताळला यायच्या, दोन दिवस राहायच्या, सासूबाईंना नवीन साडी आणायच्या, आणि सासूबाई वर्षभर त्या साडीचं कौतुक करायच्या! पुढे घराची वाटणी झाली ती निम्मी-निम्मी. कायद्याने बरोबरच होतं. पण मला वाटलं, माझ्या नऊ वर्षांची किंमत शून्य? त्यानंतर मी बोलणं टाकलं.

आता त्याच माझी नाडी बांधत होत्या. जेवण, धुणं सगळं हातात घेतलं. मी हूं की चूं न करता करून घेत होते, पण मनात हिशेब चालूच. आता येऊन काय उपयोग? तेव्हा कुठे होतात? एका दुपारी त्यांनी मला पाटावर बसवून शिकेकाईने न्हायला घातलं. पाणी ओतता ओतता म्हणाल्या, “आईंना तू अशीच न्हाऊ घालायचीस. मला त्यांच्याकडे बघवायचं नाही गं. म्हणून साडी घेऊन यायचे आणि पळायचे.” मी गप्प. डोळ्यांत शिकेकाई गेली होती, तेवढं बरं झालं.

त्या रात्री झोप येईना म्हणून शास्त्र उघडलं. मंडळाच्या वाचनात लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय चालू होता, उधळ्या पुत्राचा दाखला. तुमच्यापैकी अनेकींनी ऐकला असेल. धाकटा मुलगा बापाकडून वाटणी मागून घेतो, परदेशात उधळतो, शेवटी डुकरं राखायची वेळ येते आणि मग घराची वाट धरतो. बाप त्याला लांबूनच पाहतो आणि धावत सुटतो. त्या काळात घरच्या कर्त्या पुरुषाने असं धावणं म्हणजे अब्रू सोडणंच. आपल्याकडे एखाद्या पाटलाने धोतर सावरत चावडीवरून पळत जावं, तसं! मग उत्तम झगा, अंगठी, पुष्ट वासरू, गाणंबजावणं.

संडे स्कूलमध्ये मी नेहमी इथेच थांबायचे. तोवर घंटा व्हायची, पोरं चुळबूळ करायची. पण येशूची गोष्ट तिथे संपत नाही. थोरला भाऊ शेतावरून घरी येतो, नाचगाणं ऐकतो, कारण कळतं आणि तो रागाने आत जायला तयार होत नाही. बापाला तो हिशेब ऐकवतो. इतकी वर्षं राबलो, कधी शब्द मोडला नाही, मला साधं करडू मिळालं नाही. आणि याला वासरू?

मी ते वाचलं आणि माझी वही आठवली. कशी न आठवणार! वयाने मी धाकटी जाऊ, पण दाखल्यातला थोरला मीच होते. तीस वर्षं देवाच्या घरात राहून मी चाकरासारखी राबत होते आणि पगाराची वाट बघत होते. शिवाय एक गोष्ट मी कधी ध्यानातच घेतली नव्हती. बाप घराबाहेर दोनदा येतो. एकदा धाकट्यासाठी धावत, आणि एकदा थोरल्याची समजूत घालायला, भरला मांडव सोडून.

मंडळाच्या सहलीत आम्ही केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन पाहायला गेलो होतो, त्याची मला तेव्हा आठवण झाली. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडिता! पण आपल्या साक्षीत त्यांनी सरळ लिहिलंय, की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळालाय, ख्रिस्त अजून मिळायचाय. त्या काळात त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं होतं, विधवा मुलींना आसरा दिला होता. म्हणजे कामात काही उणं नव्हतं. पुढे त्यांनी अख्खं बायबल हिब्रू-ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, पुस्तक १९२४ मध्ये निघालं. सहलीत हे ऐकताना मी मान डोलावली होती आणि वहीत तारखा टिपून घेतल्या होत्या. तारखाच!

तुम्हाला वाटेल, मग सकाळी उठून मी जाऊबाईंच्या गळ्यात पडले. नाही पडले. चहाचा कप घेतला आणि पहिल्यांदा म्हणाले, “ताई, चहा चांगला झालाय.” त्या जराशा चमकल्या. दोन दिवसांनी मी नऊ वर्षांबद्दल बोलले, अगदी तावातावाने. रडलेही. त्यांनी ऐकून घेतलं. वाटणी चुकली असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मला अजूनही वाटतं, म्हणायला हवं होतं. घर तसंच निम्मं आहे. मध्ये भिंत आहे.

पण त्या दिवसांत, कुणीतरी माझी वेणी घालतंय आणि मला त्या बदल्यात काहीच करता येत नाहीये, तेव्हा आत कुठेतरी जे सैल पडलं, ते तीस वर्षांच्या उपासनेत पडलं नव्हतं. मी पेटी वाजवत नव्हते, धडा घेत नव्हते, काही उपयोगाची नव्हते. तरी भिंतीवरचं वचन माझ्यासाठीच होतं. वही मी फाडली नाही. किराणा लिहायला घेतली.

दाखला येशूने अर्धवटच सोडलाय. बाप अंगणात उभा राहून विनवतोय, आतून गाण्याचा आवाज येतोय. थोरला आत गेला की नाही, ते सांगितलेलंच नाही.

परवा जाऊबाईंचा फोन आला. नाताळच्या करंज्यांना दोन दिवस आधी येऊ का, विचारत होत्या. मी “बघू” म्हणून फोन ठेवला. मग ओट्यापाशी थोडा वेळ उभी राहिले आणि पुन्हा लावला. म्हटलं, “या. पण सारणात खसखस मी घालीन, तुमचा हात फार सैल आहे.”