पिलांचा पहिला घास

घरच्या काचेच्या टाकीत फायटर माशाने बुडबुड्यांचे घरटे बांधले, त्यात अंडी पडली, नराने त्यांची अहोरात्र राखण केली आणि दोन दिवसांनी घरट्याखाली इवल्या पिलांच्या शेपट्या लोंबू लागल्या, म्हणजे मत्स्यपालकाला आपले कार्य सिद्धीस गेल्यासारखे वाटते. परंतु ज्यांनी माशांची वीण घरी वाढवली आहे त्यांना ठाऊक असते की खरी कसोटी येथून पुढे लागते. पोटातील पीतक संपून पिले मोकळी पोहू लागली की त्यांना अन्न हवे असते, ते त्यांच्या मुखात मावेल इतके सूक्ष्म हवे असते, आणि मुख्य म्हणजे ते हालणारे हवे असते. कोरडे खाद्य कितीही बारीक दळले तरी ते निश्चल पडून राहते, म्हणून बहुतेक पिले त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. ते तळाशी कुजते, पाणी नासते, आणि उपासमारीबरोबरच त्या नासलेल्या पाण्यानेही पुष्कळ पिले दगावतात.

या अडचणीवरचा उत्तम इलाज आर्टेमिया नावाच्या कवचधारी वर्गातल्या जलचराचा नवजात अर्भक होय. आपल्याकडचे हौशी मत्स्यपालक त्याला ‘बेबी ब्राइन श्रिम्प’ म्हणतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयाचे अधीक्षक अॅल्विन सील यांनी १९३३ मध्ये आणि नॉर्वेचे संशोधक गुन्नार रोलेफसेन यांनी १९३९ मध्ये, नुकत्याच जन्मलेल्या माशांना हे अन्न उत्तम मानवते असे दाखवून दिले, आणि तेव्हापासून जगभरच्या मत्स्यबीज केंद्रांचा कारभार फार मोठ्या प्रमाणात या अर्ध्या मिलिमीटरच्या जिवावर चालत आला आहे. अमेरिकेतील युटा प्रांतातले ग्रेट सॉल्ट लेक हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध आगर. शरद ऋतूत तेथील पाण्यावर त्याच्या अंड्यांचे तपकिरी तवंग पसरतात, विमानांतून त्यांचा माग काढला जातो, आणि ऑक्टोबर ते जानेवारी या मुदतीत नौकांनी ते तरंगत्या अडसरांमध्ये अडवून गोळा केले जातात. आपल्या दुकानांत डबीतून मिळणारी, नाचणीच्या पिठासारखी दिसणारी पूड ही पुष्कळदा याच सरोवराची देणगी असते.

मात्र हा जीव आपल्याला सर्वस्वी परका आहे असे नव्हे. मुंबईच्या वडाळा येथील मिठागरांत तो आढळल्याची नोंद मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५३ मध्ये केली. पुढे राजस्थानातील सांभर सरोवर आणि तामिळनाडूतील तुतिकोरीनची मिठागरे यांतूनही त्याचे दाखले मिळाले. मिठागरात एका वाफ्यातून दुसऱ्यात पाणी सोडताना त्याची क्षारता चढत जाते, आणि जेथे ती इतकी चढते की मासा तगू शकत नाही, तेथे आर्टेमियाचे राज्य सुरू होते. धावण्याचे कौशल्य नाही, दंश नाही, टणक कवच नाही. शत्रूला जगता येणार नाही अशा पाण्यात जगणे एवढाच त्याचा बचाव आहे.

या बचावाची दुसरी बाजू म्हणजे त्याचे अंडे. पाणी अनुकूल असेल तेव्हा मादी जिवंत पिलांनाच जन्म देते. परंतु क्षारता वाढली, प्राणवायू घटला, म्हणजे ती कठीण कवचात बंद केलेले गर्भ सोडू लागते. सुमारे चार हजार पेशींपर्यंत वाढून तो गर्भ थांबतो. अंगातील पाणी जवळजवळ नाहीसे होते, ट्रेहॅलोज नावाची शर्करा त्याच्या पेशींतील रचनेचे रक्षण करते, आणि जीवनव्यापार इतका मंदावतो की कोरड्या अवस्थेत तो वर्षानुवर्षे टिकतो आणि आत्यंतिक थंडीतही त्याची उगवणक्षमता नष्ट होत नाही. १९७२ साली अपोलो १६ यानातून अंतराळातील किरणांचा परिणाम पाहण्यासाठी जे सजीव धाडण्यात आले, त्यांत ही अंडीही होती. इतक्या दीर्घ काळ वाट पाहू शकणारा हा जीव एकदा कवचाबाहेर आला की मात्र त्याचा एकेक तास मोलाचा होतो, आणि घरी त्याची पैदास करणाऱ्याने आपली सारी व्यवस्था या विरोधावरच बेतली पाहिजे.

साहित्य फार लागत नाही. दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्यावी, तिचा तळ कापावा, बूच घट्ट लावून ती उलटी उभी करावी. या निमुळत्या आकाराचे महत्त्व असे की सपाट तळाच्या भांड्यात अंडी कोपऱ्यांत साचून गुदमरतात, तशी ती येथे साचत नाहीत. एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम मीठ विरघळवावे; खडेमीठ चालते, फक्त त्यात माती नसावी. नळाच्या पाण्यातील क्लोरिन उडून जाण्यासाठी ते आदल्या दिवशी उघडे ठेवावे, आणि पाणी किंचित अल्कधर्मी व्हावे म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा टाकावा. एवढ्या पाण्यास घरगुती गरजेपुरती अर्धा ग्रॅम अंडी पुष्कळ झाली. चांगल्या प्रतीच्या एका ग्रॅमातून दोन लाखांहून अधिक पिले निघतात, तेव्हा हात सैल सोडण्याचे कारण नाही. हवेची नळी थेट बुचापर्यंत न्यावी, पण तिच्या टोकाला हवेचा सच्छिद्र दगड लावू नये, कारण दगडाच्या बारीक बुडबुड्यांनी फेस होतो आणि अंडी त्यासोबत वर चढून कडेला सुकतात. मोठे बुडबुडे सतत येत राहिले पाहिजेत. तापमान २६ ते २८ अंश असावे: मुंबईला वर्षाचा बराच काळ त्यासाठी वेगळी तजवीज करावी लागत नाही, पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात बाटलीजवळ साधा दिवा ठेवावा लागतो. हा दिवा दुहेरी कामाचा आहे, कारण ओल्या झालेल्या गर्भाला वाढीची चालना मिळण्यासाठी आरंभीचे काही तास प्रकाश आवश्यकच असतो.

कोरडेपणी एका बाजूने चेपलेले अंडे दीड-दोन तासांत पाणी शोषून गोल होते. पुढे कवच तडकते, गर्भ पातळ पटलात गुंडाळलेला बाहेर लोंबतो, आणि साधारण २४ तासांत नारिंगी रंगाची पिले झटके देत पोहू लागतात. थंडीत हाच काळ दीड-दोन दिवसांपर्यंत लांबतो. मग हवा बंद करून दहा मिनिटे थांबावे. रिकामी कवचे वर तरंगतात, न फुटलेली अंडी अगदी तळाशी बसतात. पिले प्रकाशाकडे ओढली जातात, म्हणून खालच्या अंगाला एका बाजूने दिवा धरला की तेथे नारिंगी ढग जमतो. तो बारीक नळीने ओढून घट्ट विणीच्या कापडावर गाळावा आणि गोड्या पाण्याने धुवावा. येथे आळस करू नये: कवचे पचत नाहीत, माशांच्या पिलांच्या पोटात ती अडकून राहू शकतात, आणि खारट पाणी रोज टाकीत जाऊ लागले तर तेही अपायकारक.

आता तासांचा हिशेब. नवजात आर्टेमियाचे मुख आणि आतडे अजून उघडलेले नसतात. तो केवळ आपल्या पीतकावर जगतो, आणि माशाच्या पिलाला मिळणारे सारे पोषण त्या पीतकातच साठवलेले असते. सुमारे आठ तासांनी तो कात टाकतो, अन्न घेऊ लागतो, आकाराने वाढतो, चपळ होतो, आणि त्याची पुंजी मात्र खर्ची पडलेली असते. म्हणजे अधिक मोठा, पकडायला अधिक कठीण आणि पोसायला अधिक निकस असा घास आपण उशिरा देत असतो. शिल्लक राहिलीच तर ती खाऱ्या पाण्यात उथळ पसरून शीतकपाटात ठेवावी. चार अंशांत तिचा खर्च मंदावतो आणि एक दिवस निभावतो. ज्यांच्याकडे वीण सतत चालू असते त्यांनी दोन बाटल्या ठेवून एक आज व दुसरी उद्या लावण्याचा शिरस्ता पाळावा. माझ्या मते, खाद्याच्या महागड्या डब्या घेण्यापेक्षा हा नियमितपणा पिलांना अधिक तारतो.

गप्पीची पिले जन्मापासून हे खाद्य घेतात, एंजलची पिले मोकळी पोहू लागल्यावर. फायटरच्या आणि विशेषतः गौरामीच्या पिलांना पहिले काही दिवस इन्फ्युसोरिया, म्हणजे पाण्यातले अतिसूक्ष्म जीव, द्यावे लागतात, कारण त्यांची मुखे फार लहान. जेवल्यावर पिलांची पोटे नारिंगी दिसतात. ती तशी दिसली नाहीत तर काही तरी चुकते आहे असे समजावे. गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासच जगतो, म्हणून एका वेळी घालायचे ते थोडेच, आणि दिवसातून अनेकदा.

काहींना तो पूर्ण वाढवण्याचीही हौस असते. तेव्हा पसरट टाकी, मंद हवा, आणि पाणी अगदी किंचित गढूळ राहील इतकीच स्पिरुलिनाची पूड किंवा यीस्ट द्यावे. साधारण दोन-तीन आठवड्यांत पोट वर करून पोहणारे, अकरा जोड्या पाय लयीत हलवणारे सेंटिमीटरभर प्रौढ जीव दिसू लागतात. पाहण्यास ते फार मनोहर असतात. परंतु मोठ्या माशांचे पोट त्यांवर भरेल इतके पीक घरच्या टाकीतून निघत नाही.

राहिली अंड्यांची साठवण. गर्भाला ओल लागून तो जागा होऊ लागला आणि पुन्हा सुकला, असे वारंवार झाले की त्याची शक्ती खर्च होते आणि डबीतील फुटणाऱ्या अंड्यांचे प्रमाण घसरते. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात उघडी राहिलेली डबी यामुळेच बिघडते. डबी फोडल्याबरोबर अंडी लहान लहान कोरड्या बाटल्यांत वाटून, झाकणे घट्ट लावून शीतकपाटात ठेवावी. वापरातली एकच बाटली बाहेर काढावी, आणि ती खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, नाही तर हवेतील बाष्प थंड अंड्यांवर धरते.