वेळ कापा, धोका ठेवा

जुने डंजन-क्रॉलर, म्हणजे भुयारं धुंडाळण्याचे खेळ आजच्या पडद्यावर आले की तक्रार ठरलेली असते: गोष्ट चिमूटभर आणि लढाया ढीगभर. 1981 साली अ‍ॅपल टू संगणकावर आलेला, अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांचा ‘विझर्ड्री’ हे याचं ठळक उदाहरण. त्याची कथा दोन वाक्यांत आटोपते. वर्डना नावाच्या जादूगाराने ट्रेबॉर राजाचा ताईत पळवला आहे आणि तो दहा मजली भुयाराच्या तळाशी जाऊन बसला आहे. बाकीचा सगळा वेळ राक्षस मारायचे, अनुभवगुण जमवायचे, लेव्हल वाढवायची. हे ग्राइंडिंग कमी करा आणि कथा वाढवा, असा सल्ला रीमास्टर करणाऱ्यांना सर्रास दिला जातो. तो अर्धाच बरोबर आहे. या खेळांतली गोष्ट ग्राइंडिंगमधूनच घडते. त्यातलं नेमकं काय गाळायचं, हा खरा प्रश्न आहे.

‘विझर्ड्री’च्या पहिल्या मजल्यावरची एक फेरी बारकाईने बघावी. पार्टी सहा जणांची. हातघाईत उतरतात ते पुढचे तिघे. मागच्यांची मदार मंत्रांवर, आणि सुरुवातीला मंत्र अगदी मोजके. मांत्रिकाने ‘कॅटिनो’ म्हणून एक टोळी झोपवली, लढाई निभावली, पण झोळी जवळजवळ रिकामी झाली. आता मागे फिरायचं, की आणखी एक दार उघडून बघायचं? गावात परतलं तर सराईच्या तबेल्यात फुकट झोपता येतं. तिथे जखमा भरत नाहीत, पण मंत्र परत मिळतात. मग त्याच मंत्रांनी जखमा भरायच्या आणि पुन्हा तबेला गाठायचा. असे पै-पै वाचवणारे उद्योग करावे लागतात, कारण कुणी मेलं तर देवळात पैसे मोजूनही विधी फसू शकतो. फसला तर प्रेताची राख होते, आणि राखेवरचाही विधी फसला तर ते पात्र कायमचं गेलं. म्हणूनच एरवी किरकोळ वाटणारी लढाईही लक्षात राहते. कोण वाचलं, कोण गेलं आणि कुणाच्या हावरटपणापायी गेलं, ही त्या पार्टीची कथा असते.

याच खेळांत दुसऱ्या जातीचं ग्राइंडिंगही आहे. ‘विझर्ड्री’च्या पहिल्याच मजल्यावर ‘मर्फीज घोस्ट्स’ नावाची भुतं पुनःपुन्हा भेटतात. त्यांचा मार बेताचा, अनुभवगुण मात्र भरघोस. फक्त ती लवकर मरत नाहीत. 1985च्या ‘द बार्ड्स टेल’मध्ये 99 जणांच्या चार टोळ्या, म्हणजे 396 बर्सर्कर, एकाच वेळी समोर येतात. ताकदवान पार्टीला ही हुकमी कमाई, त्यामुळे लोक तिथेच परत परत जात. इथे ना निर्णय, ना भीती. नुसत्या पाट्या टाकायच्या. पहिल्या प्रकारात खेळाडू काहीतरी पणाला लावतो, दुसऱ्यात केवळ वेळ घालवतो. रीमास्टरची कात्री या दुसऱ्या प्रकारावर चालायला हवी.

डिजिटल एक्लिप्सने 2024 साली पूर्ण स्वरूपात आणलेला ‘विझर्ड्री’ हे भान बऱ्यापैकी राखतो. आत मूळ खेळाचाच कोड चालतो, अगदी जुना अ‍ॅपलचा पडदाही कोपऱ्यात बघता येतो. चित्रं, मेनू आणि नकाशा मात्र आजचे, आणि जुने जाचक नियम ठेवायचे की शिथिल करायचे हे ठरवण्याची सोय आहे. आयता नकाशा मिळाला तर मजाच गेली, असं जुने खेळाडू म्हणतील. आक्षेपात तथ्य आहे. 2007च्या ‘एट्रियन ओडिसी’ने तर पडद्यावरच हाताने नकाशा काढणं हाच खेळाचा गाभा केला. पण तिथे नकाशा काढण्याची साधनं खेळातच दिलेली होती आणि सगळी रचना त्याभोवती बेतली होती. ‘विझर्ड्री’त नकाशा काढायचा चौकटीचा कागद खेळाबाहेरचा होता. त्यामुळे आयत्या नकाशाने तिथे कष्ट वाचतात, पण मंत्र संपल्यावर परतायचं की नाही हा पेच तसाच राहतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नोकरी-घर सांभाळून खेळणाऱ्याने तास कुठून आणायचे? ‘फायनल फँटसी’च्या पिक्सेल रीमास्टरने 2023च्या कन्सोल आवृत्तीत यावर उपाय दिला: वाटेतल्या लढाया बंद करा, किंवा अनुभवगुण चौपट घ्या. कथेच्या जोरावर चालणाऱ्या खेळात हे खपून जातं. भुयारात मात्र लढाया बंद केल्या की उरते ती रिकाम्या बोळांतली पायपीट, आणि चौपट गुणांनी पुढचे मजले पोकळ होतात. वेळ वाचवायचाच तर लढाईचा वेग वाढवावा, त्याच त्या आज्ञा एका बटणावर आणाव्यात. ज्यांना लिहिलेली कथाच हवी त्यांच्यासाठी अ‍ॅटलसने 2013च्या ‘एट्रियन ओडिसी अनटोल्ड’मध्ये काढलेला मार्ग प्रामाणिक आहे: ठरलेल्या पात्रांचा स्टोरी मोड वेगळा आणि स्वतःची पार्टी घडवण्याचा क्लासिक मोड वेगळा. दोन्हींची खिचडी केली नाही.

तेव्हा असा एखादा रीमास्टर हाती आला आणि कंटाळा यायला लागला, तर सेटिंगमध्ये आधी वेग वाढवून बघा. मरणाची भीती घालवणारं बटण शेवटचा उपाय म्हणून ठेवा. ते दाबल्यावर उरलेल्या लढाया खरोखरच रटाळ होतात.