बीजाच्या पेल्याची साक्ष

मुंबई-हावडा लोहमार्गावरील दरेकसा स्थानकावर उतरून कचारगडच्या वाटेला लागले, म्हणजे सालेकसा तालुक्याच्या त्या डोंगराळ इलाख्यात ऐन, मोह आणि तेंदू यांच्या संगतीने बीजाचा वृक्षही आढळतो. त्याच्या खोडावर घाव घालताच रक्तवर्ण डिंक पाझरतो आणि त्याच्या गाभ्याच्या पेल्यात रात्रभर ठेवलेले, सकाळी तपकिरी झालेले पाणी मधुमेही माणूस श्रद्धेने पितो. असन या नावाने हाच वृक्ष सुश्रुतसंहितेतील सालसारादी गणात, मेहनाशक द्रव्यांच्या पंक्तीत विराजमान आहे.

त्या श्रद्धेची शहानिशा करण्यापूर्वी देहातील कारभार समजून घेतला पाहिजे. भोजनोत्तर रक्तात साखर चढली, की स्वादुपिंड इन्सुलिनच्या रूपाने हुकूम सोडते आणि त्याबरहुकूम स्नायू साखर आत घेतात. उदरातील चरबी आणि श्रमहीन जीवन यांच्यायोगे हुकूम पोचूनही अंमल मंदावला, म्हणजे इन्सुलिन-संवेदनशीलता उणावली. मग स्वादुपिंड हुकुमामागून हुकूम सोडते आणि अनेकांच्या बाबतीत अखेर थकते. इन्सुलिनला दाद देणारे आणि न देणारे रुग्ण असा भेद हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ साली मांडला.

बीजाच्या गाभ्यातील टेरोस्टिल्बीन मधुमेही उंदरांची रक्तशर्करा उतरवते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या चाचणीत विजयसाराने, म्हणजे याच बीजाने, ९७ नवरुग्णांपैकी ६७ जणांची साखर आटोक्यात आली. परंतु तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि साखर उतरली एवढ्यावरून हुकूम वाढला की अंमल सुधारला, याचा निवाडा होत नाही. मेथीदाण्याचा चिकट तंतू तर आतड्यातच साखरेचे शोषण लांबवतो, म्हणजे तिसऱ्याच मार्गाने उपकार करतो.

वनस्पतीपासून औषधापर्यंतचा प्रवास किती दीर्घ असतो, याचा दाखला मेटफॉर्मिन देते. युरोपातील गॅलेगा या वनस्पतीतील द्रव्याशी नाते सांगणारे हे औषध १९२२ साली प्रयोगशाळेत सिद्ध झाले, आणि जाँ स्टर्न यांनी मधुमेहावरील त्याचा उपयोग १९५७ साली प्रसिद्ध केला. यकृतातून सुटणारी साखर ते मुख्यत्वे आवरते.

म्हणून चालू औषध स्वमताने सोडून केवळ पेल्यावर विसंबणे धोक्याचे आहे. शिवाय पेल्याचा गाभा वृक्ष तोडल्यावाचून हाती येत नाही. त्या लाकडाच्या गुणाची कसोशीने परीक्षा करणे हे, रुग्णाइतकेच, दरेकशाच्या अरण्याशीही आपले कर्तव्य आहे.