माउथपीसची पारख

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या लग्नसराईत वरातीपुढे वाजणारे जे क्लॅरिनेट बँडवाल्यांच्या तोंडी ‘क्लॅरोनेट’ या नावाने रुळले आहे, त्याचे माउथपीस, बॅरल, वरचा सांधा, खालचा सांधा आणि बेल असे पाच भाग असतात. त्यांपैकी विद्यार्थ्याच्या प्रगतीवर सर्वांत अधिक परिणाम करणारा, आणि वाद्य विकत घेताना सर्वांत कमी पाहिला जाणारा भाग म्हणजे माउथपीस होय. नळीचे लाकूड, चाव्यांची चमक आणि पेटीचे अस्तर यांची चौकशी होते; परंतु ओठ, श्वास आणि रीड जेथे एकत्र येतात त्या बोटभर तुकड्याबाबत मात्र वाद्यासोबत जो आला तोच गोड मानून घेण्याची प्रथा आहे. शिकवणाऱ्याने विद्यार्थ्यापुढे चाचणीसाठी कोणते माउथपीस ठेवावेत, किती ठेवावेत आणि कोणत्या ऋतूत ठेवावेत, हा प्रश्न म्हणूनच दिसतो त्यापेक्षा मोठा आहे.

माउथपीसची रचना चोचीसारखी असते. तिच्या खालच्या बाजूस एक सपाट बैठक असून तीवर रीड, म्हणजे वेतासारख्या गवतापासून तासलेली पातळ पट्टी, लिगेचर नावाच्या कड्याने आवळून बसवली जाते. बैठकीच्या पुढे, रीडखाली, एक लांबट खिडकी असते आणि तिच्या दोन्ही कडा टोकाकडे जाताना हळूहळू वळत रीडपासून दूर होतात. या वळणाला फेसिंग म्हणतात, तर अगदी टोकाशी रीड आणि माउथपीस यांच्यात जी फट उरते तिला टिप ओपनिंग म्हणतात. वादक फुंकतो तेव्हा रीड ही फट क्षणाक्षणाला मिटते व उघडते. खिडकीच्या आतले छत, म्हणजे बॅफल, आणि त्यामागची पोकळी, म्हणजे चेंबर, यांच्या आकारावर नाद उजळ की गडद, मोकळा की कोंडलेला हे बऱ्याच अंशी ठरते.

या फटीचे माप मिलिमीटरच्या शतांशांत मोजले जाते, आणि तेवढ्याशा फरकाने वाद्य पार बदलते. शिकाऊ वाद्यांसोबत मिळणाऱ्या यामाहाच्या ४सी या माउथपीसची फट १.०५ मिमी असते. पॅरिसमध्ये १९०५ साली स्थापन झालेल्या व्हँडोरेन या कंपनीच्या ५आरव्ही लायरमध्ये ती सुमारे १.०९ मिमी, एम३० मध्ये सुमारे १.१५ मिमी आणि बी४५ मध्ये सुमारे १.२० मिमी असते. फट लहान असेल तर रीडला हलण्यास जागा कमी मिळते, म्हणून तीवर थोडी कडक रीड चालते. फट मोठी असेल तर तीच कडक रीड ओठांना दमवते आणि नरम रीड घ्यावी लागते. रीडवरील २, २½, ३ हे आकडे तिच्या जाडीचे नसून लवचीकपणाचे निदर्शक असतात. ही रीड अरुंडो डोनॅक्स या उंच गवतापासून बनते आणि तिचा नावाजलेला माल फ्रान्सच्या दक्षिणेकडील व्हार परगण्यातून येतो. बांबूच्या वनांसाठी ओळखल्या जाणाऱ्या, आणि ज्यातील मेंढा-लेखा या गावाने त्या बांबूवरील सामूहिक हक्कासाठी देशभर नाव मिळवले त्या गडचिरोलीत, बांबूच्याच कुळातील एका गवताची चिमूटभर पट्टी सातासमुद्रापलीकडून मागवावी लागते, ही गोष्ट थोडी मौजेचीच म्हणावी लागेल.

युरोपीय पद्धतीच्या शिक्षणात नवशिक्याला मध्यम किंवा लहान फट, मध्यम लांबीचे फेसिंग आणि २ ते २½ क्रमांकाची रीड द्यावी असा सर्वसाधारण संकेत आहे, आणि तो निराधार नाही. अशा जोडणीत सूर लवकर स्थिर होतो आणि ओठांना ताण कमी पडतो. तथापि या संकेतामागे पाश्चात्त्य संगीत गृहीत धरलेले आहे. हे वाद्य न्यूरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेन्नर याने इ.स. १७०० च्या सुमारास घडवले असले, तरी भारतात आल्यावर त्याच्याकडून वेगळेच काम करून घेतले गेले. मराठी राजघराण्याच्या सत्तेखालील तंजावरात, जेथे दुसरे सरफोजीराजे यांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) युरोपीय वाद्ये दरबारात आणली, तेथे एकोणिसाव्या शतकात क्लॅरिनेट नृत्याच्या साथीला बसले. पुढे मास्टर इब्राहिम यांच्या ध्वनिमुद्रिकांतून ते चित्रपटगीते गाऊ लागले. गाऊ लागले, हा शब्द येथे जाणूनबुजून योजला आहे, कारण मींड, घसीट आणि आंदोलित स्वर ही येथील श्रोत्याची पहिली अपेक्षा असते. मींड काढताना बोट छिद्रावरून हळूच सरकवण्यासोबतच खालच्या ओठाचा दाब सैल करून सूर वाकवावा लागतो, आणि हे वाकणे मोठी फट व नरम रीड यांच्या जोडीत सहज साधते. उलट त्याच जोडीत वरच्या सप्तकातील सूर ढळण्याचा धोका वाढतो. म्हणून वरातीत गाण्यांच्या चाली वाजवू इच्छिणाऱ्या मुलापुढे केवळ लहान फटीचे माउथपीस ठेवणे ही चाचणी नव्हे, आणि बँडमधील जुन्या वादकाचा आवडता मोठ्या फटीचा माउथपीस त्याच्या हाती देणे हीदेखील चाचणी नव्हे.

चाचणीसाठी तीन माउथपीस पुरेसे होतात. एक १.०५ मिमीच्या आसपास, दुसरा १.१० च्या जवळ आणि तिसरा १.१५ ते १.२० च्या दरम्यान असावा. त्याहून अधिक मांडले की चौथ्या-पाचव्या माउथपीसपर्यंत ओठ थकतात, आणि विद्यार्थी माउथपीसची नव्हे तर स्वतःच्या थकव्याची तुलना करू लागतो. तिन्हींवर एकच रीड लावल्यास फट मोठी असलेल्यावर अन्याय होतो, तर प्रत्येकावर वेगळी अपरिचित रीड लावल्यास दोष रीडचा की माउथपीसचा हे कळत नाही; यातून वाट काढायची तर आठवडाभर वाजवून मुरवलेल्या दोन रीडा, एक २ ची व एक २½ ची, हाताशी ठेवून प्रत्येक माउथपीसवर दोन्ही लावून पाहाव्यात. माउथपीसवरील नाव व क्रमांक कागदी चिकटपट्टीने झाकणे हितावह असते. महागड्या नावाने कान फसतात, हे तर आहेच. शिवाय बाजारात ठोकून काढलेल्या क्रमांकांवर विसंबण्यासारखी परिस्थिती नेहमीच नसते.

वाजवून पाहण्यापूर्वी दोन तपासण्या विनाखर्च होतात. ओली रीड बसवून माउथपीसचे खालचे तोंड तळहाताने बंद करावे आणि टोकाकडून हवा ओढून घ्यावी. रीड क्षणभर तशीच चिकटून राहून मग टचकन सुटली तर बैठक सपाट व कडा सारख्या आहेत, आणि लगेच सुटली तर हवा कोठून तरी गळते आहे. दुसरी तपासणी दोन्ही कडांचे वळण सारखे आहे की नाही याची. जाणकार त्यासाठी काचेची पट्टी आणि पोलादी पाती वापरतात. ही पाती म्हणजे मोटार मेकॅनिककडे स्पार्क प्लगची फट मोजण्यासाठी असणारे फिलर गेजच होय, आणि ते तर आलापल्लीच्या गॅरेजातही सापडावे. पाते बैठकीवर ठेवलेल्या सपाट काचेखाली सरकवले असता दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर अडले पाहिजे. एका बाजूस ते अधिक आत गेले, तर त्या माउथपीसवर कोणतीही रीड समान कंप पावणार नाही.

पुढची परीक्षा सुरांची. केवळ माउथपीस फुंकल्यास पेटीच्या पांढरी एकच्या जवळपासचा, आणि बॅरल जोडून फुंकल्यास काळी तीनच्या जवळपासचा स्वर निघावा, ही एक ढोबळ खूण वादकांत मानली जाते. त्याहून महत्त्वाची खूण म्हणजे जोडस्वर. सनईची नळी निमुळती असल्याने जोराने फुंकता तिचा स्वर पुढील सप्तकात त्याच नावाने येतो. क्लॅरिनेटची नळी बहुतांशी सरळ आणि रीडच्या टोकाला बंद असल्याने रजिस्टर चावी दाबली की षड्जाच्या जागी पुढील सप्तकातील पंचम येतो. चेंबरचे आकारमान चुकलेले असेल तर हा पंचम चढतो किंवा उतरतो. विद्यार्थ्याने खालचे चार स्वर एकेक करून धरावेत, चावी दाबावी आणि तानपुऱ्यावर किंवा पेटीवर पंचम ताडून पाहावा. जेथे चारही पंचम कमी धडपडीत लागतात, तो माउथपीस पुढच्या फेरीत ठेवावा.

येथे झाडीपट्टीचे, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीकडील या भागाचे, हवामान मध्ये येते. चंद्रपूरचा उन्हाळा ४७-४८ अंशांपर्यंत जातो; दुसरीकडे दिवाळीनंतर सुरू होऊन होळीपर्यंत रंगणारी झाडीपट्टीची नाटके, ज्यांचे मुख्य केंद्र वडसा म्हणजे देसाईगंज आहे, ती उघड्या मांडवात रात्रभर चालतात आणि त्या मोसमातल्या रात्री थंड असतात. नळीतील हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो व सूर चढतो. १० अंशांच्या फरकाने तो जवळपास ३० सेंट, म्हणजे अर्धस्वराच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतका सरकतो. वादकाचा ऊबदार श्वास हा फरक थोडा कमी करतो, नाहीसा करत नाही. वरातीत सगळेच फुंकवाद्यवाले एकत्र चढतात, त्यामुळे ते सहसा खपून जाते. पण नाटकातील ऑर्गनच्या धातूच्या पात्या किंवा कीबोर्ड क्लॅरिनेटसोबत सरकत नाहीत, आणि थंडीत त्यांच्याशी जुळवताना उतरलेले क्लॅरिनेट उघडे पडते. उतरलेल्या क्लॅरिनेटला वर चढवण्याची सोय नसते, चढलेल्याला मात्र बॅरल थोडे ओढून खाली आणता येते. व्हँडोरेनच्या काही माउथपीसांची ‘१३’ ही मालिका ४४० कंपनांच्या ए स्वराला, तर नेहमीची मालिका त्याहून किंचित चढ्या, सुमारे ४४२ कंपनांच्या स्वराला जुळवलेली असते. हा फरक ८ सेंटांचा आहे. वरातीत वाजवणाऱ्यास १३ ची मालिका मानवेल, नाटकाच्या साथीची इच्छा असलेल्यास मात्र नेहमीचीच बरी, असे या हिशेबावरून म्हणता येते, जरी शेवटचा निर्णय कानाचाच असतो.

चाचणीत एकच माउथपीस अनेक तोंडांत जाणार असल्याने स्वच्छता पाळणे भाग आहे. त्यासाठी कोमट पाणी, थोडा साबण आणि मऊ कापड वापरावे, उकळते पाणी कधीही वापरू नये. चांगले माउथपीस एबोनाइटचे, म्हणजे गंधक मिसळून कठीण केलेल्या रबराचे असतात. नेल्सन गुडइयर याने १८५१ मध्ये या पदार्थाचे पेटंट घेतले होते. उष्णतेने त्याचे फेसिंग वाकते, उन्हाने त्याचा काळा रंग हिरवट-तपकिरी होतो आणि त्याला गंधकाचा वास येऊ लागतो. मे महिन्यात जीपच्या टपावर बांधलेल्या पत्र्याच्या पेटीतून एका वरातीहून दुसऱ्या वरातीला निघालेला माउथपीस म्हणूनच पुढच्या चाचणीला तोच उरत नाही. विद्यार्थ्याने एप्रिलमध्ये निवडलेला माउथपीस फिलर गेजने पुन्हा मोजावा आणि मोसम सुरू झाल्यावर, थंड रात्री, ऑर्गनच्या शेजारी बसून, तेवढ्याच क्रमांकाच्या नव्या रीडवर वाजवून पाहावा.