मागे फिरता आले असते तर...

घरातील तरुण मुले सध्या भ्रमणध्वनीवर एका निराळ्या चित्रकथेत रमलेली दिसतात. ही चित्रकथा मूळची जपानी. तिला ‘मांगा’ म्हणतात आणि जपानी पद्धतीनुसार ती उजवीकडून डावीकडे वाचतात. तिच्या एका लोकप्रिय प्रकारात एखाद्या अज्ञात रोगाने माणसे ‘झाँबी’ होतात, म्हणजे भान हरपून इतरांना चावत सुटलेली चालती प्रेते. शहरे ओस पडतात, नायक काही काळ तग धरतो आणि अखेर मरतो. मात्र तो डोळे उघडतो तेव्हा साथ सुरू होण्यापूर्वीची सकाळ उजाडलेली असते. पुढे काय घडणार, हे आता जगात त्याला एकट्यालाच ठाऊक असते.

ज्येष्ठांना हा प्रकार भीतिदायक किंवा पोरकट वाटणे स्वाभाविक आहे. तरीही तिच्या मुळाशी असलेली इच्छा त्यांना परकी नाही. ‘तो एक दिवस पुन्हा मिळाला असता तर!’ हा उद्गार आजारपण पाहिलेल्या कोणत्या घराने काढला नसेल?

नायकाजवळ असलेली एक गोष्ट

या कथांमध्ये दोन धारा एकत्र आल्या आहेत. पहिली झाँबींच्या संकटातून तगून राहण्याची. केंगो हानाझावा यांची २००९ ते २०१७ या काळात प्रसिद्ध झालेली ‘आय ॲम अ हीरो’ ही मांगा या धारेतील. दुसरी धारा काळात मागे फिरण्याची. हिरोशी साकुराझाका यांच्या २००४ मधील ‘ऑल यू नीड इज किल’ या कादंबरीचा सैनिक रणांगणावर मरतो आणि दर वेळी आदल्या दिवशी जागा होतो. या कादंबरीवर पुढे मांगाही निघाली. तिथे शत्रू झाँबी नसून परग्रहावरचे आहेत. कालचक्राची कल्पना मात्र हीच.

या नायकांचे नशीब पालटते ते केवळ मागे गेल्यामुळे नव्हे. पुढे काय होणार याचे ज्ञान ते सोबत नेतात, म्हणून ते वाचतात. ते ज्ञान नसते, तर ते पुन्हा त्याच वाटेने गेले असते.

शुश्रूषा करणाऱ्यांनी ही गोष्ट मनाशी जपून ठेवावी. वडील न्हाणीघरात घसरले, आईचे अडखळते बोलणे थकव्यामुळे आहे असे वाटले, यांसारख्या आठवणी वर्षानुवर्षे टोचत राहतात. ‘मला कळायला हवे होते’ असे आपण म्हणतो, ते आज सारे कळल्यानंतर. घडून गेलेली गोष्ट आधीच स्पष्ट दिसत होती असे मनाला मागाहून वाटू लागते. मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये मनाच्या या कलाचा प्रयोगांद्वारे अभ्यास मांडला. त्या दिवशीच्या आपल्याला आजच्या ज्ञानाने दोषी ठरवणे न्यायाचे नाही. ही बोच झोप, भूक आणि उत्साह हिरावून घेत असेल, तर डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी अवश्य बोलावे.

मागे फिरलेला माणूस काय करतो?

नायक परत आल्यावर लगेच लढायला निघत नाही. आधी तो पाणी, अन्न आणि औषधे साठवतो, सुरक्षित वाटा पाहून ठेवतो आणि आप्तांना एकत्र आणतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्राने २०११ मध्ये हाच धागा पकडून झाँबींच्या साथीवर एक चित्रकथा काढली. तिच्यातील तरुणाला शेवटी जाग येते, सारे स्वप्न होते हे त्याला कळते आणि तो आपत्कालीन साहित्य जमवायचे ठरवतो. झाँबी हे निमित्त होते. भूकंप, वादळ आणि साथ यांची तयारी हा हेतू होता.

मांगाच्या मायभूमीने हा धडा प्रत्यक्ष संकटांतून घेतला आहे. १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे कोबे परिसरात झालेल्या भूकंपात आणि मार्च २०११ च्या भूकंप व त्सुनामीत मृतांपैकी निम्म्याहून अधिक जण साठीच्या पुढचे होते. एप्रिल २०१६ मधील कुमामोतोच्या भूकंपात ५० जण प्रत्यक्ष आघाताने गेले, तर निवाऱ्यांतील हालअपेष्टा, मोटारीत झोपण्याचा ताण आणि उपचारांतील खंड अशा कारणांनी नंतर २०० हून अधिक जण दगावले. त्यांत बहुसंख्य वृद्ध होते. बराच वेळ पाय दुमडून बसल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका तेथे ठळकपणे दिसला.

म्हणूनच जपानमध्ये घरोघरी तयारीची थैली ठेवण्याचा आग्रह धरला जातो. तेथील अनेक रुग्ण आपली ‘औषधवही’ बाळगतात. तिच्यात चालू औषधे, त्यांचे प्रमाण आणि ॲलर्जी यांची नोंद असते. कागदपत्रे वाहून गेली, नेहमीचा दवाखाना बंद पडला, तरी नव्या डॉक्टरांना त्या नोंदीवरून औषध देता येते.

आपल्या घरी, याच आठवड्यात

• एका छोट्या वहीत औषधांची नावे, मात्रा, वेळा, आजार, ॲलर्जी, रक्तगट आणि दोन आप्तांचे दूरध्वनी क्रमांक लिहावेत. औषध बदलले की नोंदही बदलावी.

• किमान आठवडाभराची औषधे शिल्लक राहतील असे पाहावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी वीज गेल्यास ते कसे जपावे, हे डॉक्टरांना आताच विचारून ठेवावे.

• उशाशी विजेरी, चष्मा आणि काठी, तर पलंगाजवळ चपला असाव्यात. न्हाणीघरात पकडायला दांडा आणि न घसरणारी चटई असावी.

• चेहरा वाकडा होणे, एका हाताची शक्ती जाणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे घरातील सर्वांना ठाऊक असावीत. ती दिसताच वेळ टिपून १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

• प्रवासात किंवा निवाऱ्यात दीर्घकाळ बसावे लागल्यास अधूनमधून घोटे फिरवावेत, शक्य असल्यास थोडे चालावे आणि डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल तर पुरेसे पाणी प्यावे.

एक काळजी मात्र घ्यावी. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला पडद्यावरील भयानक दृश्ये खरी वाटू शकतात. अशी चित्रे त्यांच्यासमोर, विशेषतः रात्री, लावू नयेत.

इतरांनी मात्र नातवंडांच्या या छंदात थोडे डोकवावे. ‘तू त्या नायकासारखा मागे आलास, तर आपल्या घरात सर्वांत आधी काय करशील?’ असे विचारावे आणि त्याचे उत्तर त्याच्याकडूनच औषधवहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावे. पुढे केव्हातरी ज्या दिवसाकडे परतावेसे वाटेल, तो दिवस कदाचित आजचाच असेल; आणि आज तो आपल्या हाती आहे.