वीस कोटींची रेघ पुसल्यानंतर

1 जून 1970 ला मक्तेदारी प्रतिबंधाचा कायदा लागू झाला. वीस कोटींहून अधिक मालमत्ता असलेल्या समूहाला कारखाना वाढवायचा तरी दिल्लीची परवानगी लागू लागली. मूठभर घराण्यांच्या हाती आर्थिक सत्ता एकवटल्याचे दासगुप्ता आयोगाने 1965 मध्ये दाखवून दिले होते, त्यावरचा हा उपाय. पण परवाना राज्यात नव्या प्रतिस्पर्ध्यालाही सहजी शिरकाव नव्हता. म्हणजे जे आत होते त्यांचे फावलेच. 1991 मध्ये पूर्वपरवानगीची ही अट गेली.

राघवन समितीच्या शिफारशींवर बेतलेल्या 2002 च्या स्पर्धा कायद्याने धंदा किती मोठा, हे विचारणे सोडले आणि तो कसा चालतो, हे विचारायला सुरुवात केली. मात्र स्पर्धा आयोगाच्या रचनेवरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, 2007 मध्ये दुरुस्ती झाली आणि संगनमताविरुद्धचे कलम लागू व्हायला 20 मे 2009 उजाडले.

त्याच वर्षी मार्चमध्ये अन्न महामंडळाने गोदामातल्या धान्यातली कीड मारायच्या गोळ्यांच्या निविदा मागवल्या होत्या. 8 मे रोजी भरलेल्या निविदांमध्ये कंपन्यांनी एकच दर टाकला: किलोला 388 रुपये. आयोगाने दंड केला. निविदा कलमाच्या आधीची, हा कंपन्यांचा बचाव 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला, कारण वाटाघाटी जूनपर्यंत चालल्या होत्या. दंड मात्र कंपनीच्या सगळ्या उलाढालीवर नव्हे, फक्त त्या गोळ्यांच्या विक्रीवर मोजायचा, असेही ठरले. कंपनी जितक्या जास्त वस्तू विकते, तितकी ही सवलत तिच्या पथ्यावर पडणार, हे उघड होते.

सिमेंट कंपन्यांच्या संगनमताचे प्रकरण आणखी लांबले. 2012 मध्ये अकरा कंपन्यांना सहा हजार कोटींहून अधिक दंड झाला. सुनावणीला नसलेल्या अध्यक्षांनी आदेशावर सही केली म्हणून 2015 मध्ये तो रद्द झाला. 2016 मध्ये आयोगाने फेरसुनावणी घेऊन पुन्हा दंड लावला, 2018 मध्ये अपिलात तो टिकला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

2023 च्या दुरुस्तीने दंडाच्या कमाल मर्यादेसाठी कंपनीची जगभरातली उलाढाल धरायला मुभा दिली. बातम्या त्याच्याच झाल्या. मला मात्र तिच्यातली दुसरी तरतूद जास्त कामाची वाटते: दंडाविरुद्ध अपील करायचे तर आधी त्याची पंचवीस टक्के रक्कम भरा.